लाल खडकांवरची कोरीव चित्रे पाहायला जाताना

प्रश्न: आम्ही सॅन डिएगो येथे राहतो. माझे आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून येत असून ऑक्टोबरच्या अखेरीस परतणार आहेत. बाबा शाळेत इतिहास शिकवत असत. नेवाडातील व्हॅली ऑफ फायर या राज्य उद्यानात खडकांवर कोरलेली प्राचीन चित्रे आहेत असे त्यांनी वाचले आहे आणि ती पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. मुलांना सुट्टी असते म्हणून जुलैमध्ये गाडीने निघावे आणि लास व्हेगस, झायन व ग्रँड कॅन्यन करता करता अर्ध्या दिवसात तेही पाहून घ्यावे, असा आमचा विचार आहे. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. हा बेत जमेल का?
— एक वाचक, सॅन डिएगो

उत्तर: जुलैचा बेत कृपया सोडून द्यावा. व्हॅली ऑफ फायर हे मोहावे वाळवंटात, लास व्हेगसच्या ईशान्येला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात तेथील दुपारचे तापमान बहुतेक रोज ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि कधी कधी ४९ अंशांपर्यंत पोहोचते. पुण्याच्या एप्रिल-मेची सवय असलेल्या माणसालाही या उन्हाचा अंदाज येत नाही, कारण हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो आणि शरीरातले पाणी किती कमी झाले आहे हे चक्कर येईपर्यंत कळत नाही. याच कारणाने उन्हाळ्याच्या महिन्यांत उद्यानातील काही पायवाटा बंद ठेवल्या जातात. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये अचानक कोसळणाऱ्या वादळी सरींमुळे एरवी ठणठणीत कोरड्या असलेल्या घळींतून पाण्याचे लोंढे येतात, आणि चित्रांची मुख्य वाट नेमकी अशाच एका घळीतून जाते. वयस्कर माणसांना घेऊन अशा दिवसांत तेथे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सुदैवाने आपल्या हातात ऑक्टोबर आहे. आई-बाबांच्या परतीच्या आधीचा, महिन्याच्या उत्तरार्धातला एखादा शनिवार-रविवार निवडावा आणि मुलांच्या शाळेतून फार तर एका दिवसाची रजा घ्यावी. झायन आणि ग्रँड कॅन्यन उन्हाळ्यातच पाहायचे असतील तर त्यांचा प्रवास वेगळा ठेवावा. शैलचित्रांचे स्थळ दोन मोठ्या ठिकाणांच्या मध्ये घुसवले की गाडीतून उतरणे, एक फोटो काढणे आणि पुन्हा गाडीत बसणे एवढेच होते. ज्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला त्यांच्या वाट्याला एवढेच येऊ नये. या चित्रांसाठी एक पूर्ण दिवस द्यावा आणि त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये, हेच माझे सर्वांत महत्त्वाचे सांगणे आहे.

रस्ता सरळ आहे. आपल्या शहरातूनच निघणारा आंतरराज्य महामार्ग १५ बारस्टो आणि बेकरवरून लास व्हेगसला जातो आणि तोच पुढे उद्यानाच्या फाट्यापर्यंत नेतो. लास व्हेगसपर्यंतचे पाच-सहा तास आदल्या दिवशी पार पाडून रात्री मुक्काम करावा, म्हणजे सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी निघता येईल. महामार्गावरच्या ७५ क्रमांकाच्या फाट्याला मोआपा पायूट या तेथील मूळ रहिवासी जमातीने चालवलेले मोठे दुकान आणि पेट्रोल पंप आहे. तेथे टाकी भरून घ्यावी, कारण उद्यानात पेट्रोल मिळत नाही. पिण्याचे पाणी माणशी चार लिटर तरी गाडीत असावे. दशम्या, चटणी आणि ताकाची बाटली बरोबर असेल तर जेवणासाठी बाहेर पडावे लागत नाही. सावलीची बाके आणि स्वच्छतागृहे उद्यानात अनेक ठिकाणी आहेत. मोबाइलला बऱ्याच भागांत रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा. मुख्य रस्ते डांबरी आहेत, त्यामुळे साधी गाडी चालते.

नेवाडाचे हे पहिले राज्य उद्यान १९३५ मध्ये खुले झाले आणि त्याचा विस्तार ४०,००० एकरांहून अधिक आहे. लाल दिसणारा सगळा खडक हा ज्युरासिक काळातील वाळूच्या टेकड्यांचा बनलेला वालुकाश्म असून त्यातील लोहामुळे त्याला हा रंग आला आहे. एवढ्या विस्तारात आपल्याला खरे तर दोनच ठिकाणी थांबायचे आहे.

पश्चिमेच्या प्रवेशद्वाराने आत गेल्यावर आधी अ‍ॅटलॅटल रॉक लागतो. हा एक प्रचंड सुटा खडक असून त्याच्या वरच्या भागातील चित्रांपर्यंत जाण्यासाठी लोखंडी जिना बसवलेला आहे. जिना उभा आहे. आईंनी तो चढण्याचा हट्ट धरू नये. खाली सावलीत बसून दुर्बिणीतून चित्रांचा बराचसा भाग पाहता येतो, आणि दुर्बीण तर सर्वांसाठीच न्यावी, कारण या उद्यानातील कितीतरी चित्रे हात पोहोचणार नाही अशा उंचीवर आहेत. बाबांनी मात्र जमल्यास वर जावे. ज्याच्यावरून खडकाला नाव मिळाले ते चित्र तेथे आहे: अ‍ॅटलॅटल म्हणजे भाला फेकण्याची आकडी असलेली काठी. भाल्याचे मागचे टोक या आकडीत अडकवून काठीला हिसका दिला की हाताची लांबी वाढल्यासारखी होऊन भाला कितीतरी अधिक वेगाने सुटतो. इतिहासाच्या शिक्षकाला येथे एक सुंदर पुरावा मिळतो. या प्रदेशात साधारणपणे इ. स. ५०० च्या सुमारास धनुष्यबाण आला आणि त्याने अ‍ॅटलॅटलला हळूहळू मागे सारले. तेव्हा ज्याने हे चित्र कोरले त्याच्या हातात किंवा निदान त्याच्या डोळ्यांसमोर ते हत्यार असले पाहिजे, आणि म्हणून ते चित्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे किंवा त्याहूनही जुने असावे, असे अनुमान काढता येते. दगडावर तारीख लिहिलेली नसतानाही काळ कसा वाचायचा, याचा हा नमुना मुलांनाही समजेल.

दुसरे ठिकाण माऊस टँकची घळ. मला स्वतःला हीच अधिक प्रिय आहे. जाऊन-येऊन सव्वा किलोमीटरच्या आसपासची ही वाट दोन्ही बाजूंच्या खडकांमधून जाते आणि शेवटी गडावरच्या टाक्यासारखा एक नैसर्गिक खळगा लागतो, ज्यात पावसाचे पाणी साठून राहते. १८९० च्या दशकात माऊस या नावाने ओळखला जाणारा पायूट जमातीतील एक फरारी माणूस येथे लपून राहिला होता, त्याच्यावरून हे नाव पडले. वाट सपाट असली तरी पायाखाली भुसभुशीत वाळू आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढापेक्षा वाळू जास्त दमवते. आईंना हातात काठी आणि पायात घोटा धरून ठेवणारे बूट द्यावेत, आणि टाक्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे असे मनात धरू नये. चित्रे वाटेच्या सुरुवातीपासूनच दिसू लागतात. शंभर-दोनशे पावलांवरून परत फिरले तरी हाती बरेच लागलेले असते.

आता पाहायचे कसे, याविषयी. खडकाच्या पृष्ठभागावर चॉकलेटी-काळपट रंगाचा एक अतिशय पातळ लेप दिसेल. मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडे व वाऱ्याने आणलेली बारीक माती यांचा हा लेप वाळवंटातल्या खडकांवर हजारो वर्षांत चढतो. चित्रकाराने कठीण दगडाने त्यावर टोचे मारून लेप काढला आहे आणि खालचा फिकट खडक उघडा पाडला आहे. जवळ जाऊन पाहिले, की लांबून सलग वाटलेली रेषा असंख्य बारीक टोच्यांची बनलेली आहे हे दिसते. काही टोचे रेषेच्या किंचित बाहेरही पडलेले असतात, आणि तेथे कोरणाऱ्याचा हात प्रत्यक्ष जाणवतो. उघड्या पडलेल्या भागावर पुन्हा लेप चढू लागतो, म्हणून एकाच खडकावर दोन आकृत्या शेजारी असतील तर सहसा काळवंडलेली जुनी आणि उजळ असलेली नंतरची. वळणदार शिंगांचे रानमेंढे, माणसांच्या आकृत्या, हाताचे पंजे, नागमोडी रेषा, वर्तुळाच्या आत वर्तुळे असे पुष्कळ काही आहे. भर दुपारच्या उन्हात खडक चमकतो आणि लेप व चित्र यांच्यातला फरक पुसट होतो, तेव्हा सकाळी किंवा खडक सावलीत असताना पाहावे. एका खडकासमोर पाच मिनिटे उभे राहिल्यावर आधी न दिसलेल्या आकृत्या दिसू लागतात, म्हणून मुलांच्या हाती फोनऐवजी वही-पेन्सिल द्यावी आणि पाहून चित्र काढायला सांगावे.

चित्रांना हात लावू नये, त्यांच्यावर कागद ठेवून घासू नये, फोटोत उठून दिसावे म्हणून पाणी शिंपडू नये वा खडूने रेषा गिरवू नये. बोटांचा तेलकटपणा आणि खडूची भुकटी लेपावर राहते, आणि पुढे त्या लेपाचा अभ्यास करणाऱ्यांना ती नडते. काही ठिकाणी अलीकडच्या लोकांनी आपली नावे खरवडलेली दिसतील. ती पाहून फार यातना होतात, कारण जे निघाले ते पुन्हा बसवता येत नाही. असे करणे कायद्याने गुन्हा आहे. ड्रोन उडवण्यासही तेथे मनाई आहे.

दुपारी उद्यानाच्या पूर्वेकडून बाहेर पडून ओव्हर्टनच्या लॉस्ट सिटी संग्रहालयात अवश्य जावे. ते का, याचा खुलासा पुढच्या उत्तरात येतोच आहे. बाहेर पडताना वाटेत १९३० च्या दशकात उद्यान उभारणाऱ्या तरुणांच्या पथकाने बांधलेल्या दगडी खोल्या दिसतील, तेथे जेवण उरकता येईल.

प्रश्न: अमेरिकेतील वाळवंटी भागातल्या शैलचित्रांविषयी वाचताना कोठे दोन हजार, कोठे चार हजार, तर कोठे दहा हजार वर्षे असे आकडे दिसतात. नक्की वय कसे ठरवतात? ही चित्रे कोणी काढली, आणि त्यांचा अर्थ काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर: आपल्याला पडलेला गोंधळ स्वाभाविक आहे. रंगवलेल्या चित्राच्या रंगात कोळसा किंवा दुसरा सेंद्रिय पदार्थ असेल तर कार्बन-१४ पद्धतीने त्याचे वय काढता येते. टोचे मारून कोरलेल्या चित्रात काहीच भरलेले नसते, केवळ काढून टाकलेले असते. त्यामुळे मोजायला हाती काही उरत नाही. मग काळ आडवाटेने काढावा लागतो. आकृतीत कोणते हत्यार वा प्राणी आहे, एका आकृतीवर दुसरी कोरली आहे का, लेप किती परत चढला आहे, जवळच्या वस्तीचा काळ कोणता, हे सर्व एकत्र विचारात घेतले जाते. म्हणूनच कोणी एखाद्या चित्राला छातीठोकपणे एकच वर्ष चिकटवले तर आपण सावध व्हावे.

कधी कधी निसर्ग मदत करतो. नेवाडाच्याच वायव्य भागात, आटून गेलेल्या विनेमुका सरोवराच्या काठावरील खडकांत खोल कोरलेल्या आकृत्या आहेत. सरोवराचे पाणी चढले असताना त्या खडकांवर चुनखडीचा थर बसला होता, आणि त्या कार्बोनेटाचे वय मोजता येते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या आकृत्या १४,८०० ते १०,५०० वर्षांपूर्वीच्या दरम्यानच्या असून उत्तर अमेरिकेतील आजवर कालनिश्चिती झालेल्या कोरीव चित्रांमध्ये त्या सर्वांत जुन्या आहेत. हा आकडा मात्र त्या सरोवरापुरता आहे. तो उचलून राज्यातील प्रत्येक खडकाला लावला जातो, आणि आपण वाचलेल्या गोंधळाचे एक कारण हेच असावे.

व्हॅली ऑफ फायरच्या परिसरात साधारण इ. स. पू. ३०० ते इ. स. ११५० या काळात आजच्या पुएब्लो या मूळ अमेरिकी लोकांच्या पूर्वजांचा वावर होता. त्यांची वस्ती जवळच्या मडी आणि व्हर्जिन नद्यांच्या काठी होती. तेथे ते मका, घेवडा आणि भोपळा पिकवत. लाल खडकांच्या या भागात पाणी इतके कमी आहे की कायम राहणे शक्य नव्हते. शिकारीसाठी, रानातले अन्न गोळा करण्यासाठी आणि बहुधा धार्मिक विधींसाठी ते येथे येऊन जात असावेत. नदीकाठच्या त्या वस्त्यांचे उत्खनन पुरातत्त्वज्ञ मार्क हॅरिंग्टन यांनी १९२४ पासून केले. पुढे हूव्हर धरणामुळे मीड सरोवर भरू लागले आणि त्या अवशेषांचा मोठा भाग पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाले, तेव्हा मिळालेल्या वस्तू जपण्यासाठी ओव्हर्टन येथे १९३५ मध्ये लॉस्ट सिटी संग्रहालय उभे राहिले. खडकावरच्या आकृत्या पाहून आल्यावर त्याच लोकांची मातीची भांडी, विणलेल्या टोपल्या आणि हत्यारे पाहिली की ती चित्रे अधांतरी राहत नाहीत. पहिल्या उत्तरात संग्रहालयाचा आग्रह धरला तो यासाठीच.

त्यांच्यानंतर या प्रदेशात दक्षिण पायूट लोक राहिले, जे स्वतःला नुवुवी म्हणवतात आणि आजही तेथेच आहेत. ‘लुप्त झालेल्या लोकांची चित्रे’ अशी भाषा आपल्याकडच्या लेखांत सर्रास वापरली जाते, ती मला मनापासून खटकते. उद्यानाच्या फाट्यावर ज्यांचा पंप आहे ते मोआपा पायूट हे याच लोकांपैकी. १८७३ मध्ये त्यांच्यासाठी राखून ठेवलेला अफाट प्रदेश १८७५ मध्ये अवघ्या १,००० एकरांवर आणण्यात आला, आणि १९८० मध्ये त्यातील सुमारे ७०,००० एकर जमीन त्यांना परत मिळाली. या खडकांशी त्यांचे नाते श्रद्धेचे आहे. त्यामुळे आपण तेथे एखाद्या देवस्थानात वागावे तसेच वागले पाहिजे.

अर्थाविषयी आपली अपेक्षा थोडी पुरी होईल, पूर्ण नाही. रानमेंढा रानमेंढा म्हणून ओळखता येतो. पण तो शिकार साधावी म्हणून कोरला, साधल्यावर कोरला, स्वप्नात किंवा व्रतात दिसला म्हणून कोरला, की एखाद्या कुळाची खूण म्हणून, हे केवळ आकृतीवरून सांगता येत नाही. ‘हे चिन्ह म्हणजे पाणी’, ‘हे चिन्ह म्हणजे प्रवास’ अशा याद्या दुकानांत मिळणाऱ्या पुस्तिकांत छापलेल्या असतात. त्यांच्यावर विसंबू नये. जेथे आजच्या जमातींनी स्वतःहून काही सांगितले आहे तेथे ते आदराने ऐकावे, आणि जेथे त्यांनी सांगितलेले नाही तेथे विचारून भंडावू नये. परग्रहवासीयांनी काढलेली चित्रे वगैरे गोष्टींना तर मुळीच थारा देऊ नये, कारण त्यांत ज्यांनी ती कोरली त्या माणसांचे श्रेयच काढून घेतले जाते.

प्रश्न: आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पे आहेत. अमेरिकेतील शैलचित्रांच्या फोटोंमध्ये तशीच वर्तुळे, नागमोडी रेषा आणि प्राणी दिसतात. या दोन्हींचा काही संबंध आहे का? अमेरिकेत पाळतात ते नियम येथेही पाळावेत का?
— एक वाचक, राजापूर

उत्तर: संबंध असल्याचा कोणताही पुरावा नाही. वर्तुळ, नागमोडी रेषा, हाताचा पंजा हे आकार जगभरच्या माणसांनी स्वतंत्रपणे काढलेले आहेत. उलट दोन्हींतला फरक अधिक बोलका आहे. नेवाडातील चित्रे उभ्या खडकावर आहेत आणि ती रंगाच्या फरकामुळे दिसतात. आपल्या कोकणातील कातळशिल्पे जांभ्याच्या आडव्या सड्यावर, खोल रेषांनी खोदलेली आहेत, आणि कशेळीच्या हत्तीसारखी काही तर इतकी मोठी आहेत की उभ्याने पाहताना पूर्ण आकृती एका नजरेत मावत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील कुशावती नदीकाठचे पणसायमळ अशा नऊ स्थळांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला आहे.

नियम मात्र तेच पाळावेत, किंबहुना येथे अधिक काटेकोरपणे. अमेरिकेतील त्या उद्यानात निदान पहारेकरी, फलक आणि आखलेल्या वाटा आहेत. आपल्याकडे जांभा चिऱ्यांसाठी काढला जातो, सड्यांवरून रस्ते जातात, गाड्या फिरतात, आणि अनेक आकृत्यांभोवती चार दगडांचे कुंपणही नाही. फोटोसाठी रेषांत चुना किंवा रांगोळी भरण्याची सवय सोडावी. आपल्या गावच्या आकृत्या पाहुण्यांना दाखवायच्या असतील तर पावसाळ्यानंतर गवत वाळले की, शक्यतो डिसेंबर-जानेवारीत दाखवाव्यात. येथे खोदलेल्या रेषेत पडणारी सावलीच आकृती दाखवते, म्हणून सूर्य वर चढण्याआधी किंवा मावळतीच्या आधीच्या तासात जावे, आणि चपला काढलेल्या असल्या तरी रेषांवरून चालू नये.